विझवण्याचा पंचनामा

गावात आग लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी येतो. सरकारने आता त्याला ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण राखेच्या ढिगाऱ्यापाशी उभा असलेला माणूस त्याला तलाठीच म्हणतो. सोबत कोतवाल, पोलीस पाटील आणि दोन पंच. काय जळालं ते लिहून घेतलं जातं. गोठा एक, बैल एक, कुटार म्हणजे भुसा दोन ट्रॉल्या, तूर सात पोती, स्प्रिंकलरचे पाइप चौदा. कारण: शॉर्टसर्किट. सह्या होतात, अंगठे उठतात, आणि सरकारदरबारी ती आग संपते.

ती विझली कशी, हे कुणी लिहीत नाही. पहिला धूर कुणाला दिसला, फोन कुणाला लावला, पाणी कुठून आणलं, बंब किती वेळाने आला, त्यात पाणी किती होतं, कुठल्या अंगाने मारा केला, काय चुकलं. यातल्या एकाही गोष्टीला पंचनाम्यात रकाना नाही. मी वऱ्हाडातल्या एका नगर परिषदेच्या बंबावर सव्वीस वर्षं काढली. आधी फायरमन, शेवटी लीडिंग फायरमन. इतक्या वर्षांत पंच म्हणून, साक्षीदार म्हणून, कधी नुसता उभा राहणारा म्हणून किती पंचनामे पाहिले त्याची गणती नाही. पण ‘भाऊ, तुम्ही तिथं काय केलं?’ असं एकदाही कुणी विचारलं नाही.

विदर्भातल्या खेड्यांसाठी बंब वाढवा, ही मागणी दर उन्हाळ्यात होते. मला ती अपुरी वाटते. गावाची आग आज कुणाच्याच खात्यावर नाही, म्हणून तिचा अनुभवही कुणाच्या खात्यावर जमा होत नाही. प्रत्येक गाव आपली आग जणू पृथ्वीवरची पहिलीच आग असल्यासारखी विझवतं.

आधी खात्याचं बोलू. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांची १८ कामं दिली. त्यातलं सातवं काम अग्निशमन सेवा. त्याच वर्षीच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आणली, विषय २९. शेती आहे, गुरंढोरं आहेत, इंधन आणि चारा आहे, ग्रामीण घरं आहेत, ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. म्हणजे जळण्यासारखं जे जे गावात असतं ते सगळं यादीत आहे. विझवणं तेवढं नाही. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यात कामांच्या यादीत आग विझवायला मदत करणं असा उल्लेख सापडतो. मदत कुणाला करायची, मुळात विझवणारा कोण, याचं उत्तर ती यादी देत नाही.

हा कागदी कीस नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी गावांना दिलेल्या निधीतला अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, भाग अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर खर्चायचा होता. एखाद्या सरपंचाने उत्साहाने ठराव घेतला की टाकीच्या खाली बंब भरायची तोटी बसवू आणि दोनशे फूट होज घेऊ, तर ग्रामसेवक पेन खाली ठेवून विचारतो, ‘कोणत्या हेडखाली टाकू?’ तो अडवणूक करत नसतो. त्याला ऑडिटला तोंड द्यायचं असतं. मी अशा दोन सरपंचांना ओळखतो. एकाने तोटी ‘पाणीपुरवठा दुरुस्ती’त बसवली. दुसऱ्याने नाद सोडला.

शहराच्या हद्दीबाहेर बंब जायचा म्हणजे काय असतं, तेही सांगतो. बंब नगर परिषदेचा, डिझेल नगर परिषदेचं, माणसं नगर परिषदेची. फोन आला खेड्यातून. ड्युटीवरच्या माणसाने आधी वरिष्ठांना विचारायचं. वरिष्ठ बैठकीत. मग ‘जा, पण लवकर परत ये, गावात काही झालं तर मला विचारतील.’ आणि ते विचारतीलही, कारण कायद्याने त्यांची जबाबदारी शहरापुरतीच आहे. बाहेर गेलेल्या फेरीचं बिल कुणी भरायचं हा वाद वेगळा. ज्याचं घर जळालं त्याच्याकडे बंबाचं भाडं मागायला जाणारा शिपाई मी पाहिलाय. तो बिचारा ओट्यावर टेकला, घोटभर पाणी प्यायला आणि कागद खिशातून न काढताच परत आला.

केरळात आणि तमिळनाडूत अग्निशमन हे राज्य सरकारचं खातं आहे. तिथला बंब हद्द विचारत नाही. आपल्याकडे संचालनालय आहे, २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदाही आहे. पण बंब आणि माणूस महापालिका, नगर परिषद, नगर पंचायत नाहीतर एमआयडीसीसारख्या संस्थांच्याच पदरी. २०१९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना अग्निशमन सेवेचं आदर्श विधेयक पाठवलं. २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी देशभर ५,००० कोटींची योजना आली. पैसा आला की आपल्याकडे आधी गाडी येते. लाल, चकचकीत, फित कापण्याजोगी. फोटो चांगला निघतो.

गाडीने काय होतं ते एका दुपारीवरून सांगतो. एप्रिल, ऊन ४४ अंशांवर, वावधन सुटलेलं. पावणेदोनला फोन. गाव तेवीस किलोमीटर, त्यातले शेवटचे सहा पांदण रस्त्याचे. आम्ही पोचलो तेव्हा पन्नास मिनिटं उलटली होती. चार गोठे आणि दोन घरं बसली होती. एक म्हातारी ओट्यावर होती. तिने शिवी दिली नाही, नुसतं विचारलं, ‘इझवाले आले का बाप्पा, का राख पाहाले?’

ग्रामीण भागात पहिला बंब वीस मिनिटांत पोचावा, असा केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा मापदंड आहे. भरलेला बंब म्हणजे साडेचार टन पाणी पाठीवर घेतलेला ट्रक. खेड्याच्या रस्त्याने तो ताशी चाळीसने पळाला, तरी वीस मिनिटांत तेरा किलोमीटर. आमच्या तालुक्यात तालुक्याच्या गावापासून पस्तीस किलोमीटरवर गावं आहेत. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात आणि गडचिरोलीत तर अंतर मोजायला किलोमीटर कामाचेच नाहीत, तिथे घाट आणि नाले मोजावे लागतात. आणि कुटाराचा ढीग, तणसाचं छप्पर, धानाचे पुंजणे वीस मिनिटं थांबत नाहीत, ते दहा मिनिटांत जातात. म्हणून पहिला अर्धा तास गावाचाच आहे. उद्या बंब दुप्पट झाले तरी तो गावाचाच राहणार. प्रश्न एवढाच की त्या अर्ध्या तासात गावाला काय माहीत असतं.

आम्हाला काय माहीत होतं, तेही सांगायला हवं. कारण आम्हीही एकेक आग करूनच शिकलो, आणि काही धडे महागात पडले.

विहिरीचंच घ्या. नवीन भरती झालो तेव्हा मला वाटायचं, बंबाचं पाणी संपलं तर काय, गावात विहिरी आहेत, सक्शन पाइप टाकू आणि ओढू. एका गावात पाइप टाकला. इंजिन गर्जतंय, प्रायमिंग म्हणजे पाइपातली हवा काढणं चालूय, पाणी येत नाही. लोक ओरडतायत. ड्रायव्हर पाइप हलवतोय, मी जोड तपासतोय. पाणी येणारच नव्हतं. पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो दाब कागदावर दहा मीटर, प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपास हात टेकतो. सात मीटर म्हणजे तेवीस फूट. आमच्याकडची विहीर चाळीस-पन्नास फूट, आणि एप्रिलमध्ये पाणी तळाला. हे नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. ते महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे, देशभरचे अधिकारी तिथे घडतात. पण तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवर खोल विहिरीवर बंब उभा करून वेळ घालवणारे आम्ही, त्या आधी आमच्यासारखे दुसरे आणि आमच्यानंतर तिसरे. प्रत्येकाने तीच पंधरा मिनिटं नव्याने गमावली.

विजेचं असंच. आग लागली की पहिलं काम डीपीवरून लाइन बंद करणं. बरोबरच आहे, लोंबकळत्या तारेखाली पाण्याचा फवारा मारणं म्हणजे स्वतःचा तेरावा ठरवणं. पण लाइन गेली की गावातल्या सगळ्या मोटरी गेल्या. म्हणजे वीज बंद केली की पाणी बंद, आणि वीज सुरू ठेवली की जीव धोक्यात. सव्वीस वर्षांत याचं समाधानकारक उत्तर मला मिळालं नव्हतं. निवृत्तीच्या सुमारास मिळालं, तेही एका पोराकडून. गावाला लागून असलेल्या वावरात सौर पंप होता. त्याला महावितरणच्या लाइनशी काही देणंघेणं नाही, आणि आमच्याकडच्या बहुतेक मोठ्या आगी लागतात त्या भर दुपारी, म्हणजे पंप पुऱ्या जोरात असतो तेव्हाच. पोराने ठिबकचा मुख्य पाइप ओढत गावापर्यंत आणला. धार बंबासारखी नव्हती, पण तुटत नव्हती. आज विदर्भात हजारोंनी सौर पंप बसलेत. गावठाणाच्या आसपास कोणाकोणाचे आहेत आणि तिथून शेवटच्या घरापर्यंत किती फूट पाइप लागेल, एवढी यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला किती खर्च येतो? ही युक्ती त्या एका गावाला ठाऊक आहे. पलीकडच्या गावाला नाही.

आता कापूस. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण वऱ्हाडातल्या घराला सगळ्यात मोठा धोका त्याचा आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. भाव पडले की शेतकरी कापूस विकत नाही, घरात भरतो. एक खोली आढ्यापर्यंत. कधी माणसं झोपतात त्याच खोलीत, पोरं त्यावर उड्या मारतात. त्याच खोलीत बोर्ड, त्याच बोर्डावर मोबाइल चार्जिंगला, आणि कोपऱ्यात फवारणीच्या औषधाचे डबे. कापूस पेटला की आधी वरच्या तंतूंवरून आग सर्रकन धावते, सगळी खोली पेटल्यासारखी दिसते. लोक घाबरून बादल्या फेकतात. ती वरची आग विझतेही. आणि मग खरी आग सुरू होते, आत. कच्च्या कापसावर निसर्गतःच मेणाचा थर असतो. पाणी त्यावरून ओघळतं, आत शिरत नाही. वरून ओला, आतून धुमसता. बंब निघून जातो, लोक जेवायला बसतात, आणि पहाटे चारला घर पुन्हा पेटतं. माझ्या माहितीत असं किमान पाच वेळा झालंय. त्यातल्या दोन वेळा ‘विझली’ म्हणून निघून येणारा मी होतो.

कापसाला दोन गोष्टी लागतात. एक, पाण्यात मूठ-दोन मूठ कपड्याची पावडर टाकणं, म्हणजे पाणी मेणावरून घसरत नाही, आत झिरपतं. दुसरी, ढीग उपसून वावरात पसरणं, प्रत्येक गोळा फोडून पाहणं, आणि रात्रभर एक माणूस जागा ठेवणं. यात कुठलंही यंत्र लागत नाही. लागते ती माहिती. आणि औषधाचे डबे त्या खोलीत असतील तर धुराच्या दिशेला एकानेही उभं राहू नये. यवतमाळने २०१७ मध्ये फवारणीच्या विषाने माणसं गमावली आहेत, ते विष जळल्यावर सौम्य होतं अशी कुणाची समजूत असेल तर ती सोडावी.

आमच्या खात्याचा स्मृतिदिनही एका अर्थी कापसापासूनच सुरू होतो. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, त्यात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी. आग कापसाच्या तळघरात लागली. नऊशे टनांहून जास्त पाणी आत ओतलं, तरी धुरात आगीचं मूळ सापडलं नाही. दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला. ६६ अग्निशामक गेले. तेव्हापासून १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. आमच्याकडे त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, गावोगाव मिरवणुका असतात, आणि बंब मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभा असतो. आम्ही सकाळी आठला दोन मिनिटं स्तब्ध राहायचो आणि मग पाण्याच्या टाक्या भरायला जायचो. ऐंशी वर्षांत त्या दिवसाचा कापसाबद्दलचा धडा कापसाच्या मुलखात पोचला नाही, ही गोष्ट मला त्या स्तब्धतेत दरवर्षी आठवायची.

जनावरांबद्दल लिहायला जीवावर येतं, पण लिहितो. गोठा पेटला की लोक दावं सोडायला जातात. गाठ सुटत नाही, बैल ओढ घेतो तशी ती अजून आवळते. दावं कापायचं असतं. गोठ्याच्या दारात, बाहेरच्या बाजूने, एक विळा कायम अडकवलेला हवा. आणि सोडलेलं ढोर उलटं गोठ्यात शिरतं, कारण त्याला तीच जागा सुरक्षित माहीत आहे. डोळ्यांवर पोतं टाकून लांब नेऊन बांधायचं. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत मेलेल्या बैलाचे ३२,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याचे ३,००० ठरले होते. बैलाचा बाजारभाव वाचकांना माहीत असेल. विळा शंभर-दीडशेला येतो.

आणि छपराचं. लागून असलेल्या घरांच्या ओळीत आग शिरली की एकच उपाय उरतो. दोन घरं सोडून तिसऱ्याचं छप्पर पाडायचं. कुणाचं पाडायचं? ज्याचं अजून पेटलेलं नाही, त्याचं. तो काठी घेऊन उभा राहतो, आणि त्याची चूक काढवत नाही. पंचनाम्यात ‘जळालं’ असं लिहिता येतं. ‘शेजाऱ्यांचं वाचावं म्हणून पाडलं’ असा रकाना मी पाहिलेल्या एकाही पंचनाम्यात नव्हता. मग तो भरपाई कुठल्या आधारावर मागणार? एका गावात एका माणसाने स्वतःहून पाडू दिलं. सहा घरं वाचली. त्याला काही मिळालं नाही. पुढच्या वेळी त्या गावात कुणी पाडू देणार नाही, आणि ते बरोबर आहे.

पंचनाम्यात ‘कारण’ हा रकाना मात्र आहे, आणि त्यात एकच शब्द लिहिला जातो. शॉर्टसर्किट. खरंच किती वेळा असतं? असतं, नाही असं नाही. तारा लोंबतात, डीपीची पेटी उघडी असते. पण धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवताना वाऱ्याने नेलेली आग, मळणी यंत्राच्या सायलेन्सरमधून उडालेली ठिणगी, चुलीतली राख उकिरड्यावर फेकणं, आणि भावकीच्या भांडणात रात्री पेटवून दिलेली सोयाबीनची गंजी, हे सगळं त्या एका शब्दात झाकलं जातं. शॉर्टसर्किट लिहिलं की कुणावर आळ येत नाही, गाव शांत राहतं. विद्युत निरीक्षक काही प्रत्येक गोठ्यापाशी येत नाही. मला या शब्दामागचा शहाणपणा कळतो. गावात राहायचं असतं. पण त्याची किंमतही आहे. ज्या गावात दर मार्चमध्ये धुऱ्यांमुळे गोठे जातात, त्या गावाच्या कागदावर एकही गोठा धुऱ्यामुळे गेलेला नाही. मग सुधारायचं काय?

याउलट जंगल पाहा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे पट्टे. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूच्या चांगल्या फुटव्यासाठी आग लावतात, हे त्यांना माहीत आहे, कारण त्यांच्याकडे आगीची नोंद बीटनिहाय होते. हंगामापुरते अंगारी, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणारे मजूर नेमतात, त्यांना मजुरी मिळते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहावरून आग हेरून मोबाइलवर संदेश पाठवते. सगळं आलबेल आहे असं नाही, वणवे लागतातच. पण तिथे आग कुणाच्या तरी खात्यावर आहे. मेळघाटात सागवान पेटलं तर उपग्रहाला दिसतं आणि त्याच सागवानाला लागून असलेली वस्ती पेटली तर ओळखीच्या फायरमनचा मोबाइल शोधावा लागतो.

मोठ्या आगीचं वेगळं असतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दहा नवजात बाळं गेली, तेव्हा चौकशी झाली, राज्यभर रुग्णालयांचं फायर ऑडिट सुरू झालं. पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ ला जे गेले, त्यात आग विझवायला गेलेलेच बहुतेक होते. त्याचीही चौकशी झाली. व्हायलाच हवी होती. पण शिकायला मिळतं ते शंभर लहान आगींतून, कारण त्या पुन्हा पुन्हा सारख्याच लागतात. आणि त्या लहान आगी कुणी मोजतही नाही.

मी मागतोय ते गावातच शिकवून तयार केलेलं पाच जणांचं पथक. त्यावर एक आक्षेप मला माझ्याच जुन्या सोबत्यांकडून ऐकायला मिळतो. गावकऱ्यांना शिकवून आगीच्या तोंडी देणार का? उद्या एखादा पोरगा भाजला तर? आक्षेप खरा आहे. पण तो पोरगा आजही धावतोच, चप्पल घालून, ओलं पोतं घेऊन. न शिकवल्याने तो घरी बसत नाही. प्रश्न आहे तो विम्याचा आणि मानधनाचा. वन विभाग अंगाऱ्याला चार महिने मजुरी देऊ शकतो तर जिल्हा परिषद गावातल्या पाच जणांना मार्च ते जून का देऊ शकत नाही? केरळने फायर स्टेशनला जोडलेले प्रशिक्षित स्वयंसेवक उभे केलेच ना. आपल्याकडे तर सामानही अर्धं गावात आहे. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात ट्रॅक्टरवरचे फवारणी पंप आहेत, टाकी पाचशे लिटरची, बारीक फवारा. गोठ्याच्या आगीवर तो सुरुवातीला बंबापेक्षा कामाचा ठरतो, फक्त टाकी आधी धुतलेली हवी.

दुसरा आक्षेप, पथकात राजकारण होईल. होईल. गावात कशात होत नाही?

आणि आमच्या माणसांचं? तालुक्याच्या बंबावर आज किती ठिकाणी कंत्राटी पोरं आहेत ते जाऊन पाहा. एजन्सी बदलली की माणूस बदलतो. दोन उन्हाळ्यांत त्याने जे शिकून घेतलं ते घेऊन तो सिक्युरिटी गार्डच्या नोकरीवर जातो. चालक सकाळी घंटागाडीवर, दुपारी बंबावर. जाड अग्निरोधक सूट असला तर एकच, आणि ४५ अंशांत तो घालून वीस मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही, म्हणून तो कपाटातच राहतो आणि पोरगा खाकी शर्टावर आत शिरतो. उशीर झाल्याबद्दल लोकांचे दगड खातो तो हाच. मी खाल्लेत. दगड मारणाऱ्यावर राग येत नाही, हे निवृत्त झाल्यावर सांगणं सोपं आहे. तेव्हा आला होता.

तर मागणी अशी. अग्निशमन हा विषय राज्याने कायदा करून जिल्हा परिषदेकडे द्यावा, हद्दीचा आणि डिझेलचा प्रश्न कायमचा मिटवावा. आणि प्रत्येक आगीनंतर, नुकसानीच्या पंचनाम्यासोबत, एक पानाचा दुसरा कागद लिहिला जावा. बंबावरच्या माणसाने आणि गावातल्या एकाने, दोघांनी मिळून. वेळ, पाणी, वारा, काय केलं, काय फसलं, पुढच्याला काय सांगाल. त्यावर कुणाला दोषी धरता येणार नाही असं त्याच कागदावर छापलेलं असावं, नाहीतर सगळे खोटं लिहितील, मी पण लिहिलं असतं. वर्षाअखेरीस जिल्ह्याचे कागद नागपूरच्या महाविद्यालयात जावेत. तिथल्या विद्यार्थ्यांना परदेशातल्या उंच इमारतींच्या आगी शिकवतातच, कुटाराच्या शिकवायला हरकत नसावी.

मागच्या फेब्रुवारीत रात्री साडेअकराला फोन आला. नंबर अनोळखी. पलीकडे पोरगा धापा टाकत होता. ‘काका, तुमचा नंबर आमच्या मामाने देल्ला. घरात कापूस पेटला. मामा म्हणे पावडर टाकते पाण्यात. किती टाकू?’ मी सांगितलं, बादलीला मूठभर, आणि ढीग उपसून बाहेर काढ, आधी औषधाचे डबे कुठं आहेत ते पाह्य. तो फोन चालू ठेवूनच धावला. मला नुसता आरडाओरडा ऐकू येत होता, बादल्यांचा आवाज, कुणीतरी ‘तिकून नको, इकून’ म्हणत होतं. पाऊण तासाने लाइन कटली. पहाटे पाचला त्याचा पुन्हा फोन आला. अजून धूर निघतोय का म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, नाही, पण आम्ही तिघं जागेच आहोत.

त्याचा मामा कोण, मला अजून आठवलेलं नाही.